राऊस यांची कोंबडी

कारण बाहेर असतं की आत, हा प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी फार चघळला. आज तो कर्करोगाच्या बाबतीत पाहू या. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीची गाठ वाटली, पेशी गाळून काढल्या आणि उरलेला रस निरोगी कोंबडीला टोचला. तिलाही गाठ झाली! म्हणजे कारण बाहेरचं, विषाणू. नोबेल मिळायला मात्र १९६६ उजाडलं. पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बिघाड होऊन कर्करोग होतो, हे मत त्यांना तेव्हाही पटलेलं नव्हतं.

१९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाला विषाणूतलं गाठ घडवणारं जनुक निरोगी कोंबडीच्याच पेशींत सापडलं. विषाणूनं ते तिथूनच उचललं होतं! पेशीला वाढीचा निरोप देणारं हे कामाचं जनुक. विषाणूकडच्या प्रतीत फक्त त्याचा लगाम तुटलेला. हे पाहायला राऊस नव्हते. १९७० सालीच गेले.