आगगाडीचं मृत्युपत्र

सायकलस्वाराचा भूगोल पोटऱ्यांत असतो. मी पुण्यात वाढलो तेव्हा ते सायकलींचं शहर होतं, आणि कुठल्या रस्त्याला ‘किंचितसा’ चढ आहे हे नकाशा सांगत नसला तरी पोटऱ्या बरोबर सांगत. त्यामुळे पुढे कधीतरी इंग्लंडचा तो सुप्रसिद्ध ग्रामीण मुलूख पाहण्याचा योग आला, तेव्हा बरोबरच्या मंडळींना हिरव्या टेकड्या दिसल्या, मेंढ्या दिसल्या, दगडी कुंपणं दिसली. मला फक्त चढ दिसले. तो मुलूख मुळी समुद्रासारखा आहे. एक लाट ओलांडावी तर पुढे दुसरी हजर. आणि रस्ते इतके अरुंद, की मागून मोटार आली म्हणजे सायकलवाल्यानं कुंपणाला पाठ लावून भिंतीवरच्या पालीसारखं उभं राहावं.

म्हणून माझ्या पुतण्यानं “काका, आपण डर्बीशरमध्ये सायकलवर फिरू या” म्हटलं, तेव्हा मी गुडघ्यांचा विषय काढला. तो म्हणाला, “चढ नाहीत. मोटारीही नाहीत.” डोंगराळ मुलखात चढ नाहीत आणि विलायतेत मोटारी नाहीत, हे ऐकून मला त्याचीच काळजी वाटली. पण पोरगं खरं बोलत होतं. पार्सली हे नावाच्या ठिकाणाहून ॲशबोर्नपर्यंत तेरा मैलांची टिसिंग्टन ट्रेल नावाची वाट आहे. टेकडी आली की वाट सरळ तिच्या पोटातून जाते, दरी आली की भरावावरून जाते. उतार इतका अदबशीर, की आपण पायडल मारतो ते केवळ शिष्टाचार म्हणून. आजूबाजूला चिटपाखरू नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पाखरंच पाखरं होती. आवाज होता तो त्यांचा आणि माझ्या भाड्याच्या सायकलीच्या साखळीचा.

एवढं सपाट काम सायकलवाल्यांसाठी कोण करणार? हे केलं होतं आगगाडीसाठी. आगगाडी म्हणजे घरातली वजनदार आत्याबाई. ताकद अफाट, पण जिना चढायचा म्हटलं की बसलीच. तिच्यासाठी इंग्रजांनी टेकड्या कापल्या, बोगदे खणले, दऱ्या बुजवल्या. पार्सली हेलाच येऊन मिळणारी हाय पीक ट्रेल तर त्याहून जुन्या रुळांवरची. १८३१ साली पूर्ण झालेली ही लाइन जोसायस जेसप या कालवे बांधणाऱ्या इंजिनिअरनं आखली. दोन कालव्यांना जोडणारी लाइन असल्यामुळे त्यानं ती कालव्यासारखीच बांधली. कालव्याला पायऱ्यापायऱ्यांनी चढवतात, तशी लांबच लांब सपाटी आणि मग एकदम उभी घसरण. सपाटीवर घोडे, आणि घसरणीवर वाफेच्या यंत्रानं डबे वर ओढायचे. मिडलटन टॉपला ते १८२९ चं यंत्र अजून जपून ठेवलंय. आम्ही टिसिंग्टनचीच वाट धरली ती काही उगाच नाही.

आता या वाटेची वंशावळ पाहा, कारण ती एखाद्या भाऊबंदकीच्या खटल्यासारखी आहे. १८७८ साली हॅरोगेटला इंग्लंडच्या सायकलवाल्यांनी आपला क्लब काढला. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टार्लेनं दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली, १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचं टायर आणलं, आणि सगळा देश सायकलवर बसला. पण रस्ते खड्ड्याचे. तेव्हा या सायकलवाल्यांनी १८८६ पासून संघटना करून, अर्ज-विनंत्या करून, चांगल्या रस्त्यांसाठी सरकारच्या मागे टुमणं लावलं. रस्ते सुधारू लागले, आणि त्यांवर आली कोण? मोटार! पंगतीची सगळी तयारी यजमानानं करावी आणि आगंतुकानं पाटावर बसून यजमानालाच “जरा सरका” म्हणावं, त्यातला प्रकार.

मग त्या मोटारीनं आगगाडीचं दूध तोडलं. डर्बीशरच्या या लाइनवरची नेहमीची उतारू गाडी १९५४ सालीच बंद पडली होती. पण बाकीच्यांचा फैसला केला तो १९६३ साली डॉक्टर बीचिंग यांनी. हे गृहस्थ पदार्थविज्ञानाचे डॉक्टर, एका रसायनाच्या कंपनीतून रेल्वेचे मुख्य म्हणून आणलेले. पगार वर्षाला चोवीस हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानांच्या दुपटीहून जास्त. त्यांनी हिशेब मांडला, की रेल्वेच्या एक-तृतीयांश मार्गावरून उतारूंची जेमतेम एक टक्का वाहतूक होते. हिशेब चोख होता. त्यावरून त्यांनी २,३६३ स्टेशनं आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करायला सांगितले. तेव्हापासून इंग्लंडात या अहवालाला ‘बीचिंगची कुऱ्हाड’ म्हणतात.

हार्टिंग्टनच्या जुन्या स्टेशनवर सिग्नलची केबिन अजून उभी आहे. तिच्याजवळच्या बाकावर एक ऐंशीच्या घरातले आजोबा बसले होते. पुतण्या चहा आणायला गेला, तेवढ्यात आमच्या गप्पा जमल्या. ते म्हणाले, आमच्या घरचं दूध या लाइनवरून थेट लंडनला जायचं. बर्फ पडलं की रस्ते बंद, पण गाडी यायचीच. मी आपलं पाहुण्याच्या रीतीनं म्हटलं, “आता किती शांत वाटतं इथं!” आजोबा म्हणाले, “शांत आहे खरं. पण ही शांतता आम्ही मागितली नव्हती.” बीचिंगसाहेबांच्या तक्त्यात या वाक्याला रकाना नसावा.

तरी इंग्रज माणूस मेलेल्याची व्यवस्था नीट लावतो. १९६७ साली ही लाइन पुरती बंद झाल्यावर पीक डिस्ट्रिक्टच्या राष्ट्रीय उद्यानानं ती घेतली, रूळ काढलेल्या जागी वाट केली आणि १९७१ साली लोकांना खुली केली. पुढे ब्रिस्टलच्या काही उत्साही मंडळींनी १९७७ साली संस्था काढली, आणि १९७९ मध्ये स्वयंसेवकांच्या हाती फावडी देऊन बाथकडच्या पडीक लाइनवर पाच मैलांची वाट तयार केली. १९८६ पर्यंत ती दोन्ही शहरांना जोडून तेरा मैलांची झाली. याच संस्थेचं पुढे सस्ट्रान्स झालं. १९९५ साली लॉटरीच्या पैशातून त्यांना चार कोटींहून अधिक पौंड मिळाले, आणि २००० सालापर्यंत देशभर पाच हजार मैलांचं सायकलमार्गांचं जाळं उभं राहिलं. त्यातला बराच भाग साध्या रस्त्यांवरूनच जात होता. २०२० साली संस्थेनं स्वतःच, सायकलला धोक्याचे म्हणून, जाळ्याचा जवळजवळ पाव भाग यादीतून काढून टाकला. स्वतःच्या यादीवर स्वतः काट मारणारी संस्था मी तरी आयुष्यात प्रथमच ऐकली.

पण वारसाहक्काची मालमत्ता म्हटली की तंटा आलाच. २००८ साली ब्रिस्टलच्या त्या वाटेवरून बस न्यायचा बेत निघाला. लोक असे खवळले, की बेत गुंडाळावा लागला. जवळच्या मॉन्सल ट्रेलवर तर खुद्द मूळ मालकच दाराशी उभा आहे. १८६३ साली तिथून रेल्वे गेली तेव्हा जॉन रस्किन, दरीचं देवपण घालवलंत म्हणून कडाडले होते. आता तिथला रेल्वेचा पूल संरक्षित वारसा आहे आणि लोक त्याचे फोटो काढतात. २०११ साली तिथले बोगदेही सायकलींना खुले झाले. आणि आता काही मंडळी म्हणताहेत, की तिथली रेल्वे पुन्हा सुरू करा. डेव्हनमध्ये ओकहॅम्प्टनला २०२१ साली नेहमीची गाडी पुन्हा सुरू झाली, मग इथं का नको?

माझी यात मोठी पंचाईत आहे. गुडघे म्हणतात, वाट राहू दे. पण हार्टिंग्टनचे आजोबा आठवले, की वाटतं, रस्त्यांवरून रोज अंगावर येणाऱ्या त्या मोटारींतली चार माणसं जरी गाडीत बसली तरी आत्याबाईंना घरात घ्यावं. गाडी यावी आणि तिच्या शेजारी सायकलीलाही जागा मिळावी, असा तोडगा मी पुतण्याला सुचवला. तो म्हणाला, “काका, त्याला जागा लागते.” मी म्हटलं, “अरे, जागा आहे. ती मोटारींकडे आहे.”