जर्मनीतील बहुकार्यक्षम शिकारी श्वान : पैदास, परीक्षा आणि स्वामीची निवड

शिकारी श्वानांचा इतिहास प्रायः राजदरबारांच्या इतिहासाचा एक गौण भाग म्हणून लिहिला गेला आहे. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्वानांचा विचार ‘सारमेयविनोद’ या नावाने राजाच्या करमणुकींत केलेला आहे. युरोपातही उत्तम श्वान हे दीर्घकाळ सरदारी वैभवाचे एक अंग समजले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीमध्ये मात्र या विषयास निराळे वळण लागले. श्वानांची पैदास हा दरबारी विनोद न राहता नियम, परीक्षा आणि लेखी नोंदी यांनी बांधलेला एक सामुदायिक उद्योग झाला. आणि पिलू जन्मास घालण्याइतकेच ते कोणाच्या हाती द्यावे या प्रश्नालाही महत्त्व आले. हे महत्त्व केवळ भूतदयेतून आलेले नव्हते. ते त्या पैदासपद्धतीच्या रचनेतच अंतर्भूत होते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. शिकारीच्या हक्कातील स्थित्यंतर

इ. स. १८४८ पूर्वी अनेक जर्मन राज्यांत शिकारीचा हक्क हा जमिनीच्या मालकीपासून वेगळा असा विशेषाधिकार होता. शेतकऱ्याच्या उभ्या पिकात हरणे व रानडुकरे शिरत; परंतु त्यांना मारण्याचा अधिकार राजाचा किंवा सरदाराचा असे. १८४८ च्या क्रांतीत या विशेषाधिकारावर घाव घालण्यात आला आणि प्रशियात त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरच्या कायद्याने परक्या जमिनीवरील शिकारीचा हक्क कोणताही मोबदला न देता रद्द झाला. शिकारीचा हक्क आता जमिनीच्या मालकाकडे आला. त्यापाठोपाठ वन्य पशूंची बेसुमार हत्या होऊ लागली. तिला आवर घालण्यासाठी ७ मार्च १८५० रोजी दुसरा कायदा करण्यात आला. त्यान्वये ज्याची सलग जमीन निदान ३०० मॉर्गेन, म्हणजे सुमारे ७५ हेक्टर असेल, त्यालाच तीवर स्वतंत्रपणे शिकार करता येई. लहान भूधारकांच्या जमिनी एकत्र करून त्यांचे सामायिक शिकारक्षेत्र केले जाई व ते बहुधा खंडाने दिले जाई.

या व्यवस्थेतून एक नवा शिकारी वर्ग उदयास आला. डॉक्टर, व्यापारी, वनाधिकारी, सुखवस्तू शेतकरी अशी ही मंडळी होती. सरदाराच्या पदरी माग काढणारे श्वान वेगळे, धावून सावज धरणारे वेगळे आणि पाण्यात उतरणारे वेगळे असत. त्यांच्या तैनातीला नोकर असत. खंडाने क्षेत्र घेणाऱ्या नव्या शिकाऱ्यास हे परवडणारे नव्हते. त्याला एकच श्वान हवा होता. त्या श्वानाने सकाळी शेतात तित्तिरांचा वास घेऊन स्तब्ध उभे राहावे, दुपारी बोरूच्या बेटातून बदक काढावे आणि संध्याकाळी जखमी हरणाचा रक्तमाग रानात शेवटपर्यंत लावावा, अशी त्याची अपेक्षा होती. बहुकार्यक्षम श्वानाची कल्पना ही अशा रीतीने प्राणिशास्त्रातून नव्हे, तर भूमिविषयक कायद्यातून जन्मास आली.

२. रूप की कार्य ?

याच काळात इंग्लंडमधून पॉइंटर व सेटर जातींचे श्वान जर्मनीत येऊ लागले. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसल येथे श्वानांचे प्रदर्शन भरले होते आणि १८६५ साली साउथहिल येथे मैदानी स्पर्धा झाली होती. इंग्रजी पद्धतीत श्रमविभागणीचे तत्त्व होते : पॉइंटरने सावज दाखवावे, पडलेले सावज आणण्यास रिट्रीव्हर असावा. गोळी सुटण्यापूर्वीच्या कामात या श्वानांची गती व घ्राणशक्ती अप्रतिम होती. परंतु गोळी सुटल्यानंतरचे काम हे त्यांच्या पैदासीचे उद्दिष्टच नव्हते. जर्मनीतील जुन्या जाती, त्याउलट, कामसू पण संथ होत्या. शिवाय प्रदर्शनांच्या प्रभावाने डोक्याची ठेवण, रंग, कानाची लांबी यांवरून बक्षिसे देण्याचा प्रघात तेथेही पडू लागला होता.

या प्रवृत्तीविरुद्ध सर्वांत तीव्र लेखणी चालविली ती ‘हेगेवाल्ड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या बॅरन झिगिस्मुंड फॉन त्सेडलिट्स उंड नॉयकिर्ख (१८३८–१९०३) याने. श्वानाचे रूप हे त्याच्या कार्यातून सिद्ध झाले पाहिजे. रूप आधी ठरवून कार्याची अपेक्षा करणे हा क्रम उलटा आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. पूडल जातीची बुद्धी व पाण्याची ओढ आणि पॉइंटरचे नाक व वेग यांचा संयोग करावा, या विचारातून १८८० च्या दशकात ‘पुडेलपॉइंटर’ हा श्वान निर्माण झाला. एडुआर्ड कोर्टहाल्स (१८५१–१८९६) या डच गृहस्थाने जर्मनीत राहून राठ केसांच्या ग्रिफॉन जातीची पुनर्रचना केली ती याच सुमारास. पुढे १९०२ साली राठ केसांच्या श्वानांसाठी स्थापन झालेल्या संघाने तर पुडेलपॉइंटर, ग्रिफॉन, जुना श्टिखेलहार आणि आखूड केसांचा कुर्त्सहार या सर्वांचे रक्त एकत्र आणून ‘डॉइच ड्राटहार’ ही जात घडविली. ‘कार्यातून रूपाकडे’ हे त्या संघाचे ब्रीद होते.

तथापि रूपाचा आग्रह पूर्णपणे लोपला असे म्हणता येत नाही. लांब केसांच्या जर्मन श्वानांच्या संघाने काळ्या रंगाच्या पिलांना बहिष्कृत केले. म्युन्स्टर परिसरातील शिकाऱ्यांनी तीच काळी-पांढरी पिले त्यांच्या कामाकडे पाहून जतन केली आणि १९१९ साली त्यांच्यासाठी वेगळा संघ काढला. आजचा ‘मोठा म्युन्स्टरलेंडर’ तो हाच.

३. परीक्षा आणि नोंद

कार्य हा निकष मानला, की ते मोजण्याचे साधन लागते. १८९० च्या दशकात जर्मनीत बहुकार्यक्षम श्वानांच्या सार्वत्रिक परीक्षा सुरू झाल्या आणि १८९९ मध्ये अशा परीक्षा घेणाऱ्या संघांचा महासंघ स्थापन झाला. कालांतराने स्थिरावलेल्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. पहिली परीक्षा वसंत ऋतूत, कोवळ्या वयाच्या श्वानाची. तीत सशाचा ताजा माग, घ्राणशक्ती, शोध, सावज दाखविण्याची वृत्ती आणि स्वामीशी सहकार्य पाहिले जाते; म्हणजे शिक्षणापेक्षा जन्मजात गुण अधिक. दुसरी परीक्षा शरदातील. तीत पाण्यातील कामाची व ओढत नेलेल्या सावजाच्या मागाची भर पडते. तिसरी म्हणजे पूर्ण शिक्षित श्वानाची रान, पाणी, शेत आणि आज्ञाधारकता या चारही अंगांची परीक्षा होय.

यांपैकी पहिल्या दोन परीक्षांचे प्रयोजन नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या स्पर्धा नव्हेत. त्यांत तपासला जातो तो एकटा श्वान नसून त्याचे माता-पिताही असतात. एखाद्या नराचे स्वतःचे गुण कितीही उत्कृष्ट असले, तरी ते पुढील पिढीत उतरतात की नाही, हे त्याच्या संततीवरूनच कळते. आणि तेही एका निवडक पिलावरून नव्हे, तर संपूर्ण वेतावरून. म्हणून ड्राटहार संघ हेगेवाल्डच्या नावाने जी वार्षिक परीक्षा भरवितो, तीत एकाच वेतातील भावंडे एकत्र पाहण्यावर भर असतो. दोष लपविणे हे या पद्धतीत नीतिदृष्ट्या अनुचित तर आहेच. पण ते पुढील सर्व निर्णयांचा आधार भ्रष्ट करणारेही आहे.

४. पिलू कोणास द्यावे ?

येथेच पैदासकाराच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न उपस्थित होतो. आठ पिलांच्या वेतातील पाच पिले शिकार न करणाऱ्या घरी गेली असे समजा. ती तेथे सुखात राहतीलही. परंतु त्यांची परीक्षा होणार नाही. उरलेल्या तिघांवरून त्या वेताविषयी काढलेला निष्कर्ष दुबळा ठरेल, आणि त्याच जोडीपासून पुन्हा पैदास करावी की नाही याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागेल. स्वामीची निवड ही अशा रीतीने विक्रीनंतरची सोय न राहता निवड-पैदासीचीच एक पायरी बनते. ड्राटहार पैदासकार पिलू शिकाऱ्यालाच देण्याविषयी आग्रही असतात, त्याचे मर्म यात आहे.

दुसरे कारण श्वानाच्या हिताचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या मैलोगणती धावण्यासाठी निवडलेला प्राणी बंदिस्त अंगणात ठेवला, तर त्याची कार्यवृत्ती उपद्रवाचे रूप घेते, आणि दोष मात्र श्वानास लावला जातो. तिसरे कारण शिकारीच्या नीतीचे. जखमी पशूला तडफडत सोडून जाणे हे जर्मन शिकारपरंपरेत निंद्य मानले जाते. १९५२ च्या संघीय शिकार कायद्यानंतर निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांनीही विशिष्ट प्रकारच्या शिकारीत व जखमी सावजाच्या शोधात लायक श्वान उपलब्ध असणे आवश्यक केले आहे. श्वानाची लायकी हा त्यामुळे केवळ मालकाच्या अभिमानाचा विषय उरत नाही.

५. पद्धतीचे स्थलांतर व तिच्या मर्यादा

ही कल्पना उत्तर अमेरिकेत गेली तेव्हा तिच्या पायाची परीक्षा झाली. तेथे जर्मनीसारखी खंडाने दिलेल्या क्षेत्रांची व्यवस्था नव्हती. अमेरिकन केनेल क्लबने १९५९ मध्ये ड्राटहारच्याच वंशातील श्वानांना ‘जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर’ म्हणून मान्यता दिली. परंतु तेथील नोंदणीस कार्यपरीक्षेची अट नव्हती. एका मूळ रक्ताच्या दोन वंशनोंदी अशा प्रकारे दोन निरनिराळ्या तत्त्वांवर चालू लागल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६९ मध्ये उत्तर अमेरिकेतील बहुकार्यक्षम शिकारी श्वानांची संघटना स्थापन झाली. कॅनडात पुडेलपॉइंटर आणणारा बोडो विंटरहेल्ट हा तिच्या संस्थापकांपैकी एक होता. तिच्या प्राथमिक परीक्षेस श्वान सोळा महिन्यांपर्यंतच्या वयाचा असावा लागतो, आणि तिचा रोखही जन्मजात गुणांवरच आहे. कायद्याचा आधार नसल्याने तेथे अनेक पैदासकार लेखी कराराचा आश्रय घेतात : पिलाची परीक्षा द्यावी, आणि ते सांभाळणे अशक्य झाल्यास परत आणून द्यावे.

या पद्धतीच्या मर्यादाही दृष्टीआड करता येत नाहीत. परीक्षेत मोजता येणाऱ्या गुणांकडेच लक्ष लागले, की न मोजलेले गुण निसटतात. यशस्वी नरांचा अतिरेकी वापर झाल्यास वंश संकुचित होतो. म्हणूनच सांध्यांच्या क्ष-किरण तपासणीसारख्या अटी पुढे घालाव्या लागल्या. शिवाय कार्याच्या नावाखाली कोणत्याही वेदनेचे समर्थन होऊ शकत नाही. जिवंत बदकांवरील प्रशिक्षणाचा जर्मनीतील वाद याच मुद्द्यावर झाला, आणि १९९८ मध्ये शेपूट छाटण्यावर बंदी आली तेव्हा शिकारी श्वानांसाठी ठेवलेला अपवादही वादग्रस्तच राहिला.

सारांश, १८५० च्या कायद्याने लहान शिकाऱ्याला जन्म दिला, लहान शिकाऱ्याने बहुकार्यक्षम श्वानाची मागणी केली, आणि त्या मागणीतून परीक्षा व नोंदींची व्यवस्था उभी राहिली. या व्यवस्थेचे बळ कोणा एका थोर पैदासकाराच्या अंतर्दृष्टीत नाही. अनेक सामान्य शिकाऱ्यांनी आपापले श्वान दरवर्षी परीक्षकांपुढे उभे केले व त्यांचे गुणदोष नोंदवू दिले, यात ते आहे. पिलू योग्य हाती पडले नाही, तर ही साखळी पहिल्याच दुव्यापाशी तुटते.