कलाभवन आणि परदेशी रंग

नागरवाडा, रावपुरा, दांडिया बाजार या बडोद्याच्या जुन्या वस्त्यांना कलाभवनाचे नाव परके नाही. १८९० साली ही संस्था निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील रंगाऱ्यांवर मोठे संकट कोसळलेले होते.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला. पुढे १८६९ च्या सुमारास मंजिष्ठवर्गीय मुळांतील लाल रंगही जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत सिद्ध केला. आल आणि मंजिष्ठ यांच्या मुळ्या उकळून, तुरटी किती व पाणी कोणते हे अनुभवाने जाणून कापड रंगवणारा कारागीर परदेशी पुडीपुढे हतबल झाला. पित्याकडून पुत्राकडे आलेली विद्या एका पिढीत मातीमोल झाली! दक्षिण फ्रान्समधील मंजिष्ठेचे शेतकरीही यात बुडाले, हे खरे. परंतु फ्रान्सची जकात फ्रान्स ठरवीत असे. हिंदुस्थानच्या जकातीची सूत्रे लंडनच्या हाती होती. सयाजीराव गायकवाड मुंबई बंदरावर कर बसवू शकत नव्हते. शाळा मात्र काढू शकत होते.

प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. त्यांच्या पुढाकाराने कलाभवनात रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला असे विषय सुरू झाले, आणि तेही गुजराती भाषेतून. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवायचे नाही, हा त्यामागील विचार. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. दादासाहेब फाळके हे याच संस्थेचे विद्यार्थी. गज्जरांच्या प्रेरणेने १९०७ साली ‘अलेंबिक’ हा रासायनिक कारखानाही उभा राहिला.

तरीही एक उणीव राहिलीच. नवा रंग कापडावर कसा चढवावा, हे येथील तरुण शिकले; तो रंग घडवणारे कारखाने मात्र ऱ्हाइनच्या काठी होते. १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारमधील निळीची शेती ओसरू लागली. त्या शेतीत रयतेने पुष्कळ जुलूम सोसला होता, म्हणून तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण १९१४ साली महायुद्ध पेटताच जर्मन माल थांबला, रंगाचे भाव भडकले, आणि सोडून दिलेली नीळ काही काळ पुन्हा शेतात आली.

बलसाडजवळ ‘अतुल’ या रंगाच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, ते १९५२ साली. तोवर गज्जरांना जाऊन बत्तीस वर्षे झाली होती.