पाद्री तोफेमागून आला नव्हता

खडकीच्या लढाईचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: आधी तोफ आली, मग पाद्री आला. पुढचा निष्कर्ष ठरलेला. ज्याच्या पाठीशी पलटण उभी, त्याला धोका कसला आणि त्याचा त्याग कसला? खडकीत वावरणाऱ्याला हे पटतंही. 5 नोव्हेंबर 1817 ला बापू गोखल्यांची फौज इथेच इंग्रजांवर चालून गेली. पुढे इथेच छावणी बसली, 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला आणि छावणीत ऑल सेंट्स चर्चही उभं राहिलं. पुरावा असा डोळ्यांसमोर असताना जुनी कागदपत्रं कोण चाळणार?

पण या पुराव्यातच गफलत आहे. ऑल सेंट्स हे पलटणीचं चर्च. अशा चर्चमधला पाद्री, म्हणजे चॅप्लेन, हा सरकारचा पगारी माणूस. गोऱ्या शिपायांची लग्नं लावायची, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा, मेलेल्यांना मूठमाती द्यायची, हे त्याचं काम. मिशनरी वेगळा. त्याचा खर्च कुठल्या तरी दूरच्या गावची मंडळी वर्गणी काढून चालवत. सरकारदरबारी सुरुवातीला त्याला साधी राहायची परवानगीही नव्हती. आपण दोघांनाही पाद्रीच म्हणतो आणि एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यावर मांडतो.

आता तारखा पाहू. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले 11 फेब्रुवारी 1813 ला, खडकीच्या लढाईच्या पावणेपाच वर्षं आधी. तेव्हा अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं होतं. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. धर्माच्या कारणावरून प्रजा बिथरली तर व्यापार आणि राज्य दोन्ही गोत्यात येतील, ही तिची धास्ती. कलकत्त्याहून त्यांना निघून जायचा हुकूम झालाच होता, आता मुंबईतूनही इंग्लंडला रवाना करायचं ठरलं. ते कोचीनकडे निसटले, तिथून परत आणले गेले, आणि बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर त्यांना राहू दिलं. त्यांच्या तुकडीतली हॅरिएट न्यूएल याच हुसकावणीत कलकत्त्याहून मॉरिशसकडे निघाली. जहाजावर जन्मलेलं मूल वाटेतच गेलं. नोव्हेंबर 1812 मध्ये तीही गेली, वयाच्या 19 व्या वर्षी. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईत येऊन काम करू लागला आणि 1821 साली पटकीने वारला.

आणि खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने काय केलं? ब्राह्मणांची दक्षिणा चालू ठेवली, 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. सरकारी शिक्षणात ख्रिस्ती धर्म मिसळू नये, हे त्याचं मत पक्कं होतं. तोफेमागून पुण्यात आली ती पाठशाळा.

पुढच्या काळात चित्र बदललं, हे मी नाकारत नाही. मिशनांना बंगले मिळाले, जागा मिळाल्या, शाळांना सरकारी अनुदानं मिळाली. त्या काळावर टीका करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तो नंतरचा काळ आरंभाच्या माणसांवर लादला जातो, याला माझा आक्षेप आहे.

आक्षेप दुसऱ्या बाजूलाही आहे. मिशनरींची जुनी चरित्रं वाचताना वाटतं की हे सगळे रानटी लोकांच्या तावडीत सापडले होते. हॉलचं मरण पाहा. 1825 मध्ये बायको आणि मुलं अमेरिकेला पाठवून तो मागे राहिला. मार्च 1826 मध्ये तो नाशिक-त्र्यंबककडे निघाला तेव्हा तिथे पटकीने थैमान घातलं होतं. जवळचं औषध त्याने आजाऱ्यांना वाटलं. परतीच्या वाटेवर एका खेड्यात, देवळाच्या ओसरीवर, 20 मार्चला पहाटे त्यालाच पटकीने गाठलं आणि काही तासांत संपवलं. सोबत होती दोन पोरं. त्यांनीच खड्ड्याची सोय केली आणि त्याच्याच घोंगडीत गुंडाळून त्याला पुरलं. त्याला मारलं पटकीने, गावाने नव्हे. आणि त्याच पटकीने त्या दिवसांत माणसं तर गावोगावची मरत होती. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरासाठी तो राबला, तो त्याच वर्षी मुंबईत छापून पुरा झाला.

या त्यागाच्या यादीत आपलीच माणसं नसतात, ही दोन्ही बाजूंची मोठी चूक. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींच्या आसऱ्याला गेला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजी कोर्टाने मुलाला बापाच्या हवाली केलं. म्हणजे कोर्टही मिशनरींच्या बाजूने उभं राहिलं नाही. त्या पोराला मग जातीत कोणी घेईना. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताचा कैवार घेऊन उभे राहिले, तर वाद त्यांच्याही दारात आला. एका बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी सगळं शहर भांडत होतं, आणि घरचं ताट मात्र त्याच्यासाठी वेगळं झालं होतं.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यामागे कुठली पलटण होती? भाऊबंद तुटले, आणि लक्ष्मीबाई काही वर्षं मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. निर्णय नवऱ्याचा होता, ती वर्षं काढली बायकोने. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोवर सोवळं-ओवळं एकेक करून त्यांच्या मनातून गेलं होतं. ते कसं गेलं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.