कारागिराने शिकवायला कुठे शिकायचे?

हातात कानस घेऊन लोखंडाची पट्टी सपाट करण्याचा प्रयत्न आपण कधी केला आहे का? केला नसेल तर एकदा जरूर करून पाहावा. पट्टी व्हाइसमध्ये घट्ट आवळायची, उजव्या हातात कानशीची मूठ, डाव्या हाताचा तळवा कानशीच्या टोकावर, आणि घासायला सुरुवात. पाच-दहा मिनिटांनी पट्टीवर पोलादी फूटपट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले, की पट्टी मध्ये फुगीर आणि कडांना उतरती झालेली दिसते. नवशिक्याचे असेच होते.

याचे कारण सातवी-आठवीच्या तरफेच्या धड्यात आहे. पट्टी हा टेकू. घाव सुरू करताना कानशीचे टोक पट्टीजवळ असते आणि मूठ दूर. दोन्ही हातांनी सारखाच जोर लावला, तर लांबच्या बाजूचा जोर भारी पडतो आणि मूठ खाली जाते. घावाच्या शेवटी नेमके उलटे होऊन टोक खाली जाते. म्हणून सुरुवातीला डाव्या हाताचा जोर जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा, शेवटी उजव्याचा जास्त, असा जोर घाव चालू असतानाच एका हातातून दुसऱ्या हातात सरकवत न्यावा लागतो.

आता वीस वर्षे काम केलेल्या एखाद्या फिटरला विचारा, की पट्टी सपाट कशी होते. तो कानस हातात घेईल आणि म्हणेल, 'असं नाही, असं.' त्याची पट्टी आरशासारखी सपाट होईल. पण जोर सरकतो ही गोष्ट तो सांगणार नाही, कारण आपण तसे करतो हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ते ज्ञान त्याच्या हातात आहे, जिभेवर आलेले नाही. अशा माणसाला उद्या सोळा-सतरा वर्षांच्या वीस मुलांपुढे उभे केले तर काय होईल? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा घोळ दोनशे वर्षे चालला आहे. त्याचीच ही हकीगत.

आधी एक खुलासा. इंग्लंडमध्ये शाळा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये 'फर्दर एज्युकेशन' नावाचे एक मोठे क्षेत्र आहे. आपल्याकडची आयटीआय, पॉलिटेक्निक, रात्रशाळा आणि प्रौढशिक्षण यांची एकत्र मोट बांधली तर जे होईल, ते म्हणजे तिथले फर्दर एज्युकेशनचे कॉलेज. प्लंबर, गवंडी, सुतार, केशरचनाकार, परिचारिकेच्या हाताखालच्या मदतनीस हे सगळे तिथे घडतात. शाळेत नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना दुसरी संधी मिळते तीही तिथेच. म्हणून तिथला शिक्षक कच्चा निघाला तर नुकसान कोणाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

गोष्ट ग्लासगोपासून सुरू होते. जॉर्ज बर्कबेक नावाचा तरुण डॉक्टर तिथल्या अँडरसन संस्थेत १७९९ पासून पदार्थविज्ञान शिकवत होता. व्याख्यानासाठी लागणारी उपकरणे तो गावातल्या कारागिरांकडून बनवून घेई. केंद्रोत्सारी पंपाची एक प्रतिकृती तयार होत असताना आजूबाजूचे कामगार भोवती जमले आणि ही वस्तू चालते कशी, असे विचारू लागले. ते विचारत होते, पण सांगायला कोणी नव्हते. बर्कबेकने ठरवले की शनिवारी संध्याकाळी यांच्यासाठी फुकट व्याख्याने द्यायची. हे लोक येणारच नाहीत, आले तर ऐकणार नाहीत, ऐकले तरी समजणार नाही, अशी खिल्ली उडवली गेली. १८०० साली पहिल्या व्याख्यानाला ७५ कामगार आले आणि चौथ्या आठवड्यापर्यंत ही संख्या ५०० वर गेली!

पुढे १८२३ मध्ये लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली. तीच आजच्या लंडन विद्यापीठातल्या बर्कबेक संस्थेची पूर्वज. ही लाट आपल्यापर्यंतही आली. मुंबईच्या टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी १८४७ मध्ये यंत्रांच्या नमुन्यांचे संग्रहालय आणि वाचनालय सुरू केले. काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी ती हीच. तिथल्या बागेत खुर्ची टाकून बसलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

इंग्लंडमधल्या या संस्थांचे पुढे काय झाले? काही दशकांतच बऱ्याच ठिकाणी कामगार मागे पडले आणि कारकून-दुकानदारांची गर्दी झाली. वर्गणी परवडत नव्हती, बारा तास राबल्यावर अंगात त्राण उरत नव्हते, ही कारणे होतीच. पण आणखीही एक कारण होते. व्याख्याते विद्वान होते आणि समोरच्याला नीट वाचताही येत नाही हे त्यांच्या गावी नव्हते. विषय येत होता, पण शिकवणे येत नव्हते.

'शिकवणे' ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकावी लागते, हे एका माणसाला मात्र लवकर कळले होते. तो माणूस म्हणजे बुकबाइंडरच्या दुकानातून विज्ञानात आलेला मायकेल फॅरेडे. १८१३ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने बेंजामिन अ‍ॅबट या आपल्या मित्राला व्याख्यान कसे असावे यावर लांबलचक पत्रे लिहिली. खोलीत हवा खेळती हवी, उपकरणे सर्वांना दिसावीत, व्याख्यान तासाभरात संपावे, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत आहेत. दुसऱ्यांची व्याख्याने ऐकताना त्याने हे सारे टिपून ठेवले होते. पुढे त्याने वक्तृत्वाच्या शिक्षकाची शिकवणी लावली. भरभर बोलायची सवय जावी म्हणून, 'हळू' असे लिहिलेले कार्ड समोर ठेवायला तो मदतनिसाला सांगून ठेवी. आम्हाला ही गोष्ट वीजजनित्राच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. शिक्षक-प्रशिक्षणाचा हा बहुधा सर्वांत छोटा अभ्यासक्रम असावा: एक कार्ड.

पण फॅरेडे एखादाच. इंग्लंडच्या सरकारने १८५९ नंतर विज्ञानाच्या वर्गांना अनुदान द्यायला सुरुवात केली ती निकालावर. जितके विद्यार्थी पास, तितके शिक्षकाच्या पदरात पैसे. परिणाम काय झाला असेल हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुस्तकातले पाठ करून घ्यायचे, परीक्षेत ओकायचे. जीवशास्त्र शिकवणाऱ्यांपैकी कित्येकांनी बेडूक आतून कधी पाहिलेलाच नव्हता. तेव्हा थॉमस हक्स्ले याने १८७१ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या साउथ केन्झिंग्टन येथे अशा शिक्षकांनाच बोलावून घेतले आणि त्यांच्या हातात सूक्ष्मदर्शक व चाकू दिला. सकाळी व्याख्यान, मग जे ऐकले ते स्वतः चिरून पाहायचे. आजच्या भाषेत याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणता येईल.

कारागीर-शिक्षकांची पाळी यायला मात्र दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. १९४४ मध्ये सर अर्नोल्ड मॅकनेअर यांच्या समितीने शिक्षकांच्या प्रशिक्षणावर अहवाल दिला आणि त्यात तंत्रशिक्षकांचा स्वतंत्र विचार केला. त्यानंतर १९४६-४७ मध्ये बोल्टन, लंडन आणि हडर्सफील्ड येथे तंत्रशिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्रे निघाली. चौथे वुल्व्हरहॅम्प्टन येथे १९६१ मध्ये. लंडनच्या केंद्राचे पुढे गार्नेट कॉलेज झाले. हे विल्यम गार्नेट म्हणजे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॅक्सवेलच्या हाताखाली प्रयोग दाखवणारे पहिले सहायक, मॅक्सवेलच्या चरित्राचे सहलेखक आणि नंतर लंडनच्या तंत्रशिक्षणाचे कारभारी.

केंद्रे निघाली, पण सक्ती नव्हती. कॉलेजात शिकवणारे बहुसंख्य लोक आधी शिकवू लागत आणि मग जमल्यास शिकवायला शिकत. त्यांच्यासाठी सिटी अँड गिल्ड्स या संस्थेचा संध्याकाळचा एक अभ्यासक्रम होता. त्याचा क्रमांक ७३०, पुढे ७३०७. आपल्याकडे बाहेरून दहावीला बसणारा जसा 'सतरा नंबरचा फॉर्म' भरतो, तसे तिथले प्लंबर-सुतार 'सेव्हन-थ्री-ओ-सेव्हन' करत. १९७० च्या दशकात हेकॉक्स समितीने अर्धवेळ शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण सुचवले. आधी छोटा प्रारंभिक वर्ग, मग पुढचे, मग पूर्ण प्रमाणपत्र. कल्पना शहाणपणाची होती, पण अंमल ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिला.

सक्ती आली ती थेट १ सप्टेंबर २००१ ला. शाळांमध्ये जे केव्हाच गृहीत धरले जात होते, ते कॉलेजात यायला एकविसावे शतक लागले. २००३ मध्ये तपासनीसांनी या प्रशिक्षणाची पाहणी करून टीका केली. सर्वसाधारण अध्यापनशास्त्र शिकवले जाते, पण प्लंबिंग कसे शिकवायचे हे सांगायला प्लंबिंगचा अनुभवी शिक्षक पाठीशी नसतो, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे आमचा कानस धरलेला फिटर जिथल्या तिथेच!

२००७ मध्ये नियम पुन्हा बदलले. नव्या शिक्षकाने पहिल्या वर्षातच एक छोटा प्रारंभिक अभ्यासक्रम पुरा करायचा, आणि पूर्ण पात्रता पाच वर्षांत. या छोट्या अभ्यासक्रमाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा लोकांनी 'पेटल्स' असा उच्चार केला. पेटल्स म्हणजे पाकळ्या. त्यात पाठाचे नियोजन, मूल्यमापन, वर्गाचे नियम आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निदान पंधरा मिनिटांचा एक पाठ. बी.एड. केलेल्या वाचकांना हे लगेच ओळखू येईल: सूक्ष्म अध्यापन. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडच्या प्रतिमानात सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुन्हा तयारी आणि मग परत पाठ, असे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. त्या सहा मिनिटांत फळ्यावर खडू मोडल्याच्या आठवणी अनेकांकडे असतील, आमच्याकडेही आहेत.

या पाठात एक उणीव आहे, आणि ती तिथेही आहे व इथेही. समोर बसलेले खरे विद्यार्थी नसतात. आपलेच सहकारी असतात, ते गोंधळ घालत नाहीत, आणि खुणावले की उत्तर देतात. तरी आमचे मत असे, की या पंधरा मिनिटांची किंमत कमी नाही. आयुष्यभर वायरिंग केलेला माणूस जेव्हा एका बेकरीवाल्याला स्विच जोडायला शिकवतो, आणि बेकरीवाला विचारतो, 'आधी ही वायर का, ती का नाही?', तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवते की आपण कारण कधी बोलून दाखवलेले नाही.

पाच वर्षांतच वारे फिरले. २०१२ मध्ये लॉर्ड लिंगफील्ड यांच्या समितीने मत दिले, की अशी पात्रता सरकारने कायद्याने लादू नये, तो नोकरी देणारे कॉलेज आणि शिक्षक यांच्यातला मामला आहे. १ सप्टेंबर २०१३ पासून सक्ती उठली. शिक्षकांच्या नोंदणीची जी संस्था होती, तिच्या वर्गणीवरून आधीच भांडण पेटले होते. ती २०१४ मध्ये बंद झाली. म्हणजे दोनशे वर्षांच्या हकिगतीत कायद्याची सक्ती टिकली ती अवघी बारा वर्षे.

समितीचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे नाही. नियम कागदावर होते आणि पात्रता अर्धवट सोडणारे बरेच होते. पण पूर्ण पदविका आणि पहिल्या काही आठवड्यांचा छोटा वर्ग या दोन गोष्टी एकाच फटक्यात ऐच्छिक करायला नको होत्या, असे आम्हाला वाटते. पदविकेला दोन वर्षे लागतात, ती ज्याला परवडेल त्याने करावी. पण पहिल्याच दिवशी वर्गात काय करायचे हे कोणाला तरी विचारता आले पाहिजे. नाहीतर शिक्षक शिकतोच, पण पहिल्या दोन-तीन तुकड्यांच्या जिवावर.

पेटल्सच्या जागी २०१३ मध्ये दुसऱ्या नावाचा तसाच छोटा अभ्यासक्रम आला. त्यात उमेदवाराने निदान एक तास सूक्ष्म अध्यापनात सहभागी व्हायचे, त्यातली किमान पंधरा मिनिटे स्वतः शिकवायचे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांचे पाठ पाहिले तरी चालते. कायद्याने कोणी सांगत नसले, तरी अनेक कॉलेजे नव्या माणसाला निदान एवढे करायला लावत राहिली. २०२२ च्या नव्या कायद्याने या क्षेत्रातल्या शिक्षक-प्रशिक्षणावर देखरेख ठेवण्याचा अधिकार मंत्र्यांकडे दिला आहे. वर्गात उभे राहण्यापूर्वी पात्रता हवीच, ही जुनी सक्ती मात्र त्याने परत आणलेली नाही.

आपल्याकडे आयटीआयच्या शिल्प निदेशकांसाठी वेगळे प्रशिक्षण असावे हे स्वातंत्र्यानंतर लगेच ओळखले गेले होते, आणि १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनी येथे त्यासाठी केंद्रीय संस्था निघाली. आपल्या गावच्या आयटीआयमध्ये एखादे निदेशक ओळखीचे असतील तर त्यांना मुद्दाम विचारून पाहा: कानस धरायला शिकवताना ते मुलांना काय सांगतात, आणि ते त्यांना कोणी सांगितले?