बदल आणि पुनरारंभ

परवा बेंगळुरूच्या घरी राऊटरचा पासवर्ड बदलला. 'बदल जतन झाला, यंत्र पुन्हा सुरू होत आहे' अशी सूचना झळकली आणि पुण्यातील आजीशी चाललेले मुलीचे बोलणे तुटले.

कारण प्रशासनातील माणसास परिचित आहे. नवी नोंद कायम स्मृतीत लिहिली जाते, पण चालू असलेला प्रोग्रॅम जुनेच परिपत्रक उशाशी घेऊन बसलेला असतो. कोणत्या शाखेस काय कळवावे, ही व्यवस्था स्वस्त यंत्रांत बहुधा नसते. म्हणून साऱ्या कचेरीला घरी धाडून पुन्हा हजेरी घ्यायची! १ नोव्हेंबर २०१४ रोजी या शहराचे नाव अधिकृतपणे बदलले, तेव्हा पाट्या नि शिक्के सवडीने बदलले. शहर काही बंद ठेवावे लागले नाही.

पुनरारंभ हा रामबाण उपायही नव्हे. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेले अमेरिकेतील अर्पानेट २७ ऑक्टोबर १९८० रोजी काही तास ठप्प झाले. एका यंत्राच्या स्थितिसंदेशांतील क्रमांक बिघडले आणि प्रत्येक संदेश दुसऱ्याहून नवा ठरून अखंड फिरत राहिला. एखादे यंत्र पुन्हा सुरू केले तरी शेजारी तीच रद्दी परत हाती देई. अखेर प्रोग्रॅमलाच ठिगळ लावावे लागले.

१९८६ साली आपल्याकडे अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात येथील भारतीय विज्ञान संस्थाही होती. घरगुती राऊटरसाठी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आली. तीत बहुतेक बदलांसाठी केवळ संबंधित सेवा नव्याने सुरू होते. माझ्या यंत्रावर मात्र ती चालत नाही.