गांधीबागेतल्या विणकर घराण्याची वंशावळ : जातीचा रकाना कसा वाचायचा?

एखादं जर्मन कुटुंब १८८० च्या आसपास ब्रेमेनहून जहाजाने न्यूयॉर्कला उतरलं असेल, तर त्याच्या पणतवाचं काम तुलनेनं सोपं असतं. अमेरिकेत जहाजांतल्या उतारूंच्या याद्या १८२० पासून ठेवल्या जात होत्या. जनगणनेची मूळ पानं, घराघरांतल्या नावांसकट, ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची पानं १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. पलीकडे जर्मनीत चर्चच्या नोंदवह्या आहेत. 'श्मिट'चा 'स्मिथ' झालेला असला तरी धागा पकडता येतो.

आता गांधीबागेत या. घाऊक कापडाच्या या बाजारामागे, गोळीबार चौक, टिमकी, तांडापेठ या वस्त्यांमध्ये विणकरांची शेकडो घराणी आहेत, आणि त्यातली बरीचशी बाहेरून आलेली. पण पवनीहून बैलगाडीने नागपुरात आलेल्या माणसाची यादी कोण करणार? आपल्या जनगणनेतून आकडे छापले गेले, घरोघरच्या नोंदी संशोधकाच्या हाती येत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने तर त्या पाहण्याची वाटच बंद केली आहे. म्हणजे अमेरिकेतला संशोधक जिथून सुरुवात करतो, ते दार आपल्याकडे नाहीच.

मग सुरुवात आडनावापासून करा. पौनीकर, उमरेडकर, खापेकर, मौंदेकर. पवनी, उमरेड, खापा, मौदा ही सगळी नागपूरच्या आसपासची गावं. पण एक गोष्ट लक्षात घ्या : उमरेडमध्ये राहणाऱ्याला कोणी 'उमरेडकर' म्हणत नाही. असं आडनाव बहुधा गाव सोडल्यावर, नव्या ठिकाणच्या शेजाऱ्यांनी दिलेलं असतं. त्यामुळे ते मूळ गाव सांगतंच असं नाही, कदाचित शेवटचा मुक्काम सांगत असेल. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात कोष्ट्यांच्या पोटशाखांमध्ये गुजरातकडचे लाड येतात, जबलपूरजवळच्या गढ्याचे गढेवाल येतात आणि हलबीही येतात. एकाच धंद्याच्या नावाखाली किती दिशांनी माणसं आली, हे त्यातून दिसतं. भोसल्यांच्या राजधानीत उंची कापडाला गिऱ्हाईक होतं. पुढे १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. येण्याची कारणं बदलत गेली, येणं चालू राहिलं.

यानंतर कागद. विदर्भात संशोधन करणार असाल तर काही शब्द तोंडपाठ हवेत. 'कोतवाल पंजी' म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंद. 'दाखल-खारीज' म्हणजे शाळेत मूल आलं-गेलं त्याचं रजिस्टर. शिवाय जमिनीची हक्कनोंदणी. जुनी पानं मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी शिकून घ्या. दुसऱ्याकडून वाचून घेतलेल्या ओळीवर प्रबंध उभा राहत नाही. आणि १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती हेही विसरू नका, म्हणजे काही फायलींसाठी भोपाळला जावं लागेल.

या सगळ्या कागदांचा कल जमीनवाल्याकडे आहे. शेतकऱ्याच्या चार पिढ्या सातबाऱ्याच्या मागे मागे जात सापडतात. भाड्याच्या खोलीत माग टाकून बसलेल्या विणकराची पहिली लेखी खूण पुष्कळदा मुलाच्या शाळेतच मिळते.

आणि याच रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो. इथे जरा थांबू या, कारण या एका रकान्यावर नागपुरात हजारो नोकऱ्या टांगलेल्या आहेत.

समजा, एका घराचे तीन कागद तुमच्यासमोर आहेत. आजोबांच्या १९३४ च्या दाखल्यावर 'कोष्टी', वडिलांच्या १९५८ च्या दाखल्यावर 'हलबा कोष्टी', मुलाच्या १९८२ च्या दाखल्यावर 'हलबा'. (हे घर माझ्या कल्पनेतलं आहे.) पाहणारा चटकन म्हणतो, सवलतीसाठी जात बदलली. घरचे म्हणतात, आम्ही हलबाच, कोष्टी हा आमचा धंदा, मास्तरांनी धंदाच जात म्हणून लिहिला. दोघंही कागदाला 'तुम्ही कोण?' असं विचारताहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी विचारायचं ते वेगळंच : हा रकाना कोणत्या कामासाठी होता, आणि त्या वर्षी त्यात काय लिहिल्याने काय फरक पडत होता?

आता तारखा बघा. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. पुढे विदर्भापुरती हलबा ही नोंद ठरावीक तालुक्यांनाच लागू होती, त्यात नागपूर शहर नव्हतं. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठलं आणि तो २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. म्हणजे १९८२ च्या दाखल्यावरच्या 'हलबा'ला कायदेशीर वजन होतं. १९५८ मध्ये नागपुरात राहून 'हलबा कोष्टी' लिहिण्याने मात्र जमातीची सवलत मिळत नव्हती. मग ते का लिहिलं? खरा संशोधनाचा प्रश्न इथे आहे. त्याचं उत्तर लाभाच्या हिशोबात मिळत नाही. त्यासाठी त्या काळातल्या जातसभा, लग्नसंबंध, पोटशाखांमधली उच्चनीचता यांच्याकडे जावं लागतं. गंमत म्हणजे भांडणात सगळ्यात कमी वापरला जाणारा कागद हाच मधला.

न्यायालयाचा प्रश्न वेगळा असतो. महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निकाल दिला : राष्ट्रपतींच्या आदेशात 'हलबा' आहे, 'हलबा कोष्टी' नाही, आणि आदेशात भर घालण्याचा अधिकार न्यायालयाला किंवा राज्य सरकारला नाही. तोवर पक्के झालेले प्रवेश आणि नेमणुका मात्र त्या निकालाने राखल्या. आदेशात काय लिहिलंय एवढाच त्या पीठापुढचा मुद्दा होता. निकाल वाचून 'आता इतिहास ठरला' असं प्रबंधात लिहू नका. आणि निकाल आवडला नाही म्हणून तो वगळूही नका. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाव्यावर मिळालेली नोकरी राखता येत नाही असं सांगितलं. राज्य सरकारने २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर नेलं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस कागदोपत्री तात्पुरता झाला.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. पडताळणीसाठी प्रत्येक घराने वंशावळ लिहिली आहे, प्रतिज्ञापत्रासह. २०११ च्या एका निकालात, तोही हलबा दाव्याचाच, स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना जास्त वजन द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. साहजिकच वंशावळीत जुना कागद मिळालेला पूर्वज ठळक येतो, कागद नसलेला भाऊ गळतो. शिवाय ती फक्त वडिलांच्या बाजूने लिहिली जाते. पण हातमागाच्या घरात कांड्या भरणं, ताणा करणं या कामांत बायका होत्या. पुरुषाच्या वंशावळीतून स्थलांतराचा रस्ता कळला नाही तर आजीचं माहेर विचारा, मामांचं गाव विचारा, लग्नं कोणत्या गावांशी व्हायची ते विचारा. समितीला हे नको असतं, म्हणून ते कुणी सजवलेलंही नसतं.

एक सूचना, आणि ही मी फार गंभीरपणे करतोय. कुणी तुम्हाला घरची फाईल दाखवली तर तिचा फोटो लगेच काढू नका. आधी विचारा, दावा कुठे प्रलंबित आहे का? तुमच्या तळटीपेत आलेला १९३४ चा 'कोष्टी' उद्या त्या घराच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. नावं बदला, मोहल्ला बदला, गरज पडली तर दाखल्याचं सालही दशकापुरतं ढोबळ ठेवा. मार्गदर्शक कुरकुर करतील, करू द्या. संदर्भाची मूळ नोंद स्वतःच्या वहीत ठेवा आणि ती वही कुलपात ठेवा.